ऊन सगळ्यांनाच होतं

आजही तिसऱ्या राउंडला तुझी धाप लागली. आणि थांबल्या थांबल्या सबबी तयार. ऊन होतं. झोप झाली नव्हती. बूट चावतात. अरे, बाकीची पोरं काय सावलीत पळाली? ऊन सगळ्यांनाच होतं. ग्राउंडवर यायच्या आधी टपरीवर मात्र तू एकटाच उभा होतास.

"दिवसाला तीन-चारच होतात, सर." तीन-चारच? सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट धरतो. त्यातला निम्मा बाहेर पडायलाच चार-पाच तास जातात. साडेपाचला झुरका आणि सहाला धावणं! ऑक्सिजनची जागा तू आधीच अडवून येतोस. जो उरतो, तोही हिमोग्लोबिन स्नायूंना सहजी देत नाही. मग पाय कशावर पळणार?

ऑक्सिजन मिळाला तर ग्लुकोजच्या एका रेणूतून स्नायूला एटीपीचे साधारण 30 रेणू मिळतात. नाही मिळाला तर फक्त 2. म्हणजे तेवढ्याच अंतरासाठी तू साठवलेली साखर भराभर उडवतोस. लॅक्टेट लवकर चढतं, पाय भरून येतात. त्यात निकोटिनने नाडी आधीच वाढलेली, धुराने श्वासनळ्या आकसलेल्या. नुसता श्वास ओढायलाच छातीला जास्त कष्ट. पायांच्या वाट्याचा ऑक्सिजन तिथेच खर्च होतो. आणि तू दोष देतोस बुटांना!

वर मलाच शिकवतोस, "सिगारेटने चरबी जळते." हो, निकोटिनमुळे बसल्या जागी थोडी जास्त ऊर्जा खर्च होते. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं तर पेट्रोल जळतंच. गाडी पुढे जाते का?

"अमका ओढतो, तरी पळतो." तो न ओढता किती पळाला असता, हे विचारलंस कधी स्वतःला?

शंभर मीटरला तुझ्या जवळपास कोणी येत नाही. का? कारण तेवढं अंतर स्नायू ऑक्सिजनच्या उधारीवर काढतात. सोळाशेला उधारी चालत नाही. पोलीस भरतीत त्या सोळाशेला 20 गुण आहेत, आणि ते पुरते हवेत तर 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत यावं लागतं. ते गुण तू टपरीवर देऊन येतोस, वर पैसेही मोजतोस. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून तुला इथे ठेवलंय ते यासाठी?

यातलं तुला काय माहीत नव्हतं? बारावीला जीवशास्त्र घेतलं होतंस. पाकिटावरचं चित्र रोज बघतोस. कळतं, पण वळत नाही, हेच तुझं दुखणं. तुझ्यात कुवत नसती तर मी घसा कोरडा केला नसता.

"भरती झाली की सोडतो." आधी भरती तर हो! आज सोडलीस तर एक-दोन दिवसांत रक्तातला तो वायू निघून जाईल. काही आठवड्यांत दम वाढलेला तुझा तुलाच कळेल. सुरुवातीला तलफ येईल, चिडचिड होईल. एकट्याला झेपत नसेल तर 1800-11-2356 या सरकारी क्रमांकावर फोन कर, फुकट मदत मिळते. मदत मागण्यात लाज नाही. लाज आहे ती रोज नवी सबब शोधण्यात.

खिशातलं पाकीट काढ. आत्ता, माझ्यासमोर. आणि उद्या सहाला ग्राउंडवर ये, टपरीवरून न येता.