बुडालेल्या खोऱ्याचं ऋण

अवशेष म्हटले की पडझड काळाने केली असणार, असं आपण धरून चालतो. ऊन, पाऊस, वडा-पिंपळाची मुळं आणि माणसांचा विसर, एवढी कारणं पुरेशी असतात. नागार्जुनकोंड्याचं तसं नाही. आज आंध्र प्रदेशात असलेलं, कृष्णेकाठचं हे बौद्ध नगर शतकानुशतकं डोंगरांनी वेढलेल्या एका खोऱ्यात मातीखाली टिकून होतं. ते पाण्याखाली घातलं स्वतंत्र भारताने, विचार करून आणि चांगल्या हेतूने. म्हणून तिथे उभं राहिलं की दोष काळाला देता येत नाही.

सातवाहनांची सत्ता मावळल्यावर इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात इक्ष्वाकू राजांनी इथे विजयपुरी ही राजधानी वसवली. नदीवर बांधीव घाट, दगडी पायऱ्यांचं प्रेक्षागार, देवळं आणि सगळीकडे विखुरलेले स्तूप-विहार असं ते नगर होतं. वंशाचा संस्थापक चांतमूल वैदिक परंपरेचा, अश्वमेध केलेला. त्याची बहीण चांतिसिरी मात्र बुद्धाची उपासिका. इथला महाचैत्य तिच्या दानातून उभा राहिला. एकाच घरात यज्ञही होता आणि स्तूपही, आणि त्यावरून घर मोडल्याचं शिलालेखांत कुठे दिसत नाही.

राजघराण्याबाहेरची बोधिसिरी नावाची उपासिका तर मला या नगरातली सर्वांत मोठी व्यक्ती वाटते. तिने सिंहलद्वीपाच्या भिक्षूंसाठी चैत्यगृह बांधलं. त्या आचार्यांनी ज्या प्रदेशांत धम्म पोचवला त्यांची यादी तिच्या लेखात आहे: काश्मीर, गांधार, चीन, वंग, वनवासी आणि अपरांत, म्हणजे आपलं कोकण. कृष्णेच्या एका आडखोऱ्यातली बाई दगडावर अर्ध्या आशियाचा नकाशा कोरून घेते, यावरून तिच्या मनाचा पैस कळतो.

हे सगळं १९२६ साली पुन्हा उजेडात आलं. लाँगहर्स्ट यांनी १९२७ ते १९३१ या काळात तिथे उत्खनन केलं. १० डिसेंबर १९५५ रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी झाली. धरणांना नव्या भारताची मंदिरं मानण्याचा तो काळ होता. खोरं बुडणार हे ठरलेलं होतं, म्हणून १९५४ ते १९६० या वर्षांत डॉ. आर. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली जवळजवळ अख्खं खोरं खणून अभ्यासण्यात आलं. अश्मयुगापासूनचा माणसाचा वावर त्यात सापडला. बुडणार नसतं, तर ते इतक्या तातडीने आणि इतक्या समग्रपणे कुणी खणलं असतं, असं वाटत नाही. आपलं विजयपुरीविषयीचं बरंचसं ज्ञान तिच्या बुडण्यानेच आपल्याला दिलं आहे.

निवडक वास्तू उचलून शेजारच्या टेकडीवर पुन्हा रचल्या, काहींच्या प्रतिकृती केल्या, शिल्पं संग्रहालयात ठेवली. प्रेक्षागार आणि एक विहार काठावर अनुपू इथे नेले. इजिप्तमधलं अबू सिंबेल १९६४ ते १९६८ या काळात जगाच्या मदतीने हलवलं गेलं, त्याचं कौतुक आपण शाळेपासून ऐकतो. त्याआधी आपल्या पुरातत्त्वज्ञांनी आणि कामगारांनी केलेल्या या कामाचा उल्लेखही क्वचित होतो.

आज ती टेकडी बेट झाली आहे. लाँचने तिथे जाताना पाण्याकडे पाहवत नाही, कारण आपण नगरावरूनच जात असतो. वर पोचल्यावर महाचैत्याचा पाया दिसतो: मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे आणि भोवती धाव. धम्मचक्राची कल्पना विटांच्या रचनेत उतरवलेली. स्तूपाच्या चार दिशांना पाच-पाच आयक स्तंभांची जागा असे. जन्म, महाभिनिष्क्रमण, बोधी, पहिलं प्रवचन आणि महापरिनिर्वाण हे बुद्धाच्या आयुष्यातले पाच प्रसंग ते सांगत. संग्रहालयातल्या फिकट हिरवट चुनखडीच्या पाट्यांवरची माणसं अजूनही जिवंत वाटतात.

तरीही तिथे काहीतरी तुटल्यासारखं राहतं. स्तूप आहे, पण घाटावरून स्तूपापर्यंत चालत येण्याची वाट नाही. भिक्षू पहाटे ज्या वस्तीत भिक्षेला जात, ती वस्ती नाही. अंतरांनीच तर नगर बनतं. राजवाड्यापासून विहार किती लांब, यज्ञाच्या जागेपासून चैत्य किती जवळ, यावरून तिथल्या लोकांनी एकमेकांना कसं सामावून घेतलं ते समजतं. वास्तू हलवता येते, हा शेजार हलवता येत नाही.

मग धरण बांधायला नको होतं का? तसं मी म्हणणार नाही. नळगोंडा आणि गुंटूरकडच्या लाखो एकर कोरडवाहू जमिनीला या पाण्याने पीक दिलं. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या शेतकऱ्याची गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधून दमलेला तो उपाशीपोटी प्रवचनाला येतो, तेव्हा बुद्ध आधी त्याला जेवू घालायला सांगतात आणि मग धम्म सांगतात. भुकेल्याच्या ताटापुढे स्तूपाचा हट्ट धरणं या विचाराला शोभणारं नाही.

पण इथून पुढे एक सोपी वाट फुटते आणि तिच्यापासून सावध राहायला हवं. सगळंच अनित्य आहे, मग बौद्ध अवशेष बुडाल्याचं दुःख कशाला, असं काही जण म्हणतात. हा बुद्धविचाराचा आधार घेऊन केलेला हलगर्जीपणा आहे. अखेरच्या उपदेशात अनित्यतेला लागूनच अप्रमाद, म्हणजे सतत जागरूक राहणं, सांगितला आहे. वस्तू टिकणार नाही म्हणून तिची काळजी अधिक घ्यायची, तिच्याविषयी बेफिकीर व्हायचं नाही. निर्णय योग्य असला म्हणून त्यात गेलेलं नगण्य ठरत नाही.

गोव्यात साळावलीच्या धरणात मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव गेलं. तिथलं जुनं महादेवाचं देऊळ दगडादगडाने दुसरीकडे हलवलं. पण दर मे महिन्यात पाणी ओसरलं की गावची माणसं आपापल्या घरांच्या जोत्यांपाशी परत येतात. जपणूक कशाला म्हणतात, ते मला कुर्डीकरांनी शिकवलं. विजयपुरीच्या भिक्षूंना असे वारस उरलेले नाहीत. नागार्जुनसागरात अनेक नांदती गावंही गेली, तिथल्या लोकांसाठी बेटावर दालन नाही. कोयना, उजनी, जायकवाडी यांच्या काठी राहणाऱ्या आपल्याला हे परकं वाटू नये. कृष्णा आपल्या महाबळेश्वरातून निघते आणि उसाला मिळणाऱ्या प्रत्येक पाळीमागे कुणाचं तरी बुडालेलं अंगण आहे.

म्हणून ज्यांना त्या पाण्याचा लाभ झाला, त्यांनी या ऋणाचा हिशेब उघडपणे मांडला पाहिजे. धरणाच्या खर्चात गावं, शेतं, देवळं आणि विहार धरले पाहिजेत, त्यांची नोंद बुडण्याआधी झाली पाहिजे, आणि उठवलेल्या माणसांचं पुनर्वसन दगडांच्या पुनर्वसनाआधी पुरं झालं पाहिजे. ही माहिती पाठ्यपुस्तकात यावी आणि धरण पाहायला जाणाऱ्या मुलांना तिथेच सांगितली जावी. चांतिसिरी आणि बोधिसिरी यांनी आपली दानं नावानिशी दगडात कोरून ठेवली. त्यांच्या खोऱ्याकडून आपण जे घेतलं, ते तितक्याच स्पष्टपणे लिहून ठेवण्याची जबाबदारी आपली आहे.