आपला म्हटलेला जीव

वाचकहो, 'माझे घर', 'माझे पुस्तक' या शब्दांत जो षष्ठीचा संबंध आहे, तोच 'माझा कुत्रा' या शब्दांतही आहे काय? व्याकरणाला यात अडचण दिसत नाही. सदसद्विवेकबुद्धीला मात्र ती दिसावयास हवी. पुस्तक देऊन टाकता येते, आणि आपण हात काढून घेतला म्हणून ते उपाशी मरत नाही.

नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला सांगितलेला कोकरीचा दृष्टान्त आपणा सर्वांस ठाऊक आहे (२ शमुवेल १२). त्यातील गरीब मनुष्याने ती कोकरी विकत घेतली होती, असे मूळ इब्री वचन स्पष्ट सांगते. क्रियापद बाजारातले आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ दुसरे क्रियापद येते, ज्याचा धात्वर्थ 'जिवंत ठेवणे' असा आहे. भाषांतरात आपण 'पाळली', 'वाढवली' असे लिहितो आणि ते योग्यच आहे. पण जलप्रलयापूर्वी नोहाला प्राण्यांविषयी जी आज्ञा झाली, तिच्यातही हाच धातू आहे, हे त्या शब्दांत हरवते. म्हणजे मोल देण्याने व्यवहार पुरा होत नाही, तेथे तो सुरू होतो.

हे लिहिण्यास कारण घडले ते असे. हेब्बाळात आमच्या गल्लीतील एका कुटुंबाने बदलीमुळे शुक्रवारी घर रिकामे केले आणि आपला वयस्क कुत्रा फाटकाबाहेर सोडून दिला. शनिवारी सकाळी तो आमच्या अंगणात आला. त्याच दिवशी माझ्या कन्येने रस्त्यावरचे एक पिल्लूही आणले. पिल्लाला घरात जागा मिळण्यास क्षणाचाही विलंब लागला नाही. म्हाताऱ्या कुत्र्याविषयी मात्र घरात सायंकाळपर्यंत विचारविनिमय चालला होता. पिल्लू मोहक असते. वृद्ध जनावराचा मोह कोणास पडतो? परंतु आपल्यावर हक्क कोणाचा अधिक, हा प्रश्न मोहाने सुटणारा नव्हे.

तो दिवस आम्ही अंगण साफ करण्यासाठी राखून ठेवला होता. पावसानंतर गाजरगवत कमरेइतके वाढले होते. फुलावर येण्यापूर्वी ते मुळासकट उपटावे लागते, आणि हातमोजे नसतील तर अंगाला खाज सुटते. १९५५च्या सुमारास पुण्यात नजरेस आलेले हे परदेशी तण देशभर पसरले. त्याला आवर घालण्यासाठी मेक्सिकोतून आणलेला एक लहान भुंगेरा १९८४ साली येथेच, बंगळूर परिसरात सोडण्यात आला. पुढे तो सूर्यफुलाच्या पानांवरही दिसू लागला, तेव्हा शेतकरी घाबरले आणि शास्त्रज्ञांना पुन्हा अभ्यास करावा लागला. कीटकांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आज आमच्या हेब्बाळातच आहे. सांगावयाचे एवढेच, की जे आपण आणले त्याचे पुढे काय झाले हे पाहण्यातून आपली सुटका नाही. मग तो भुंगेरा असो की कुत्रा.

कोणी म्हणेल, एका हाताने तण उपटता, वाळवी मारता, आणि दुसऱ्या हाताने कुत्र्याला भाकरी घालता, ही कसली भूतदया? आक्षेप खरा आहे. उत्पत्ती २:१५ मध्ये मनुष्याला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. हीच दोन क्रियापदे गणनेच्या तिसऱ्या अध्यायात लेव्यांच्या निवासमंडपातील सेवेविषयी येतात. मशागतीत उपटणे आलेच. पण राखणीला मर्यादाही आहे. जास्वंदीच्या झुडपात बुलबुलाचे घरटे निघाले, तेव्हा कोयता तेथेच थांबला. 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (आम्हा भाषांतरकारांना हे नाव नेहमीच गमतीचे वाटते) पिल्ले घेण्यास मुभा आहे, पण त्यांबरोबर आईलाही घेण्यास मनाई आहे. घेणे निषिद्ध नाही. सर्वस्व घेणे निषिद्ध आहे. कुत्र्याची गोष्ट तणापेक्षा वेगळी, कारण हजारो वर्षे मनुष्याने त्याला आपल्यावर अवलंबून राहावयास शिकवले. परावलंबन आपण निर्माण केले असेल, तर ते आपणच निभावले पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माणसे उपाशी असता कुत्र्याची चिंता का? येथे काही बंधू १ करिंथ ९ मधील पौलाचा प्रश्न पुढे करतात, की देवाला काय बैलांची काळजी आहे? परंतु पौलाची तर्कसरणी पाहा. मळणीच्या बैलाला मुसके न बांधण्याच्या नियमावरून तो श्रमणाऱ्या मनुष्याचा हक्क सिद्ध करतो. बैलाचा हक्क शून्य मानला, तर त्या युक्तिवादाला पाया उरत नाही. आमच्या अंगणात काम करावयास आलेल्या मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी देणे आणि कुत्र्याला पाणी ठेवणे, ही दोन्ही ऋणे एकाच पुस्तकातून शिकता येतात.

देशाचा कायदाही या बाबतीत मुका नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार, जनावराला भूक-तहान भोगावी लागेल अशा स्थितीत टाकून देणे हा अपराध आहे. पहिल्या अपराधाचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! एवढ्या रकमेत कुत्र्याचे एक दिवसाचे अन्नही येत नाही. तेव्हा हा भार कायद्यावर टाकून मंडळीला स्वस्थ बसता येणार नाही. आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे नोकरीनिमित्त शहरे बदलतात. सामानाच्या यादीत मुक्या जिवाचे नाव पहिले असावे, असे उपदेशपीठावरून कधी ऐकले आहे काय?

नावावरून आठवले. आदामाने प्राण्यांस नावे दिली, आणि पिल्लालाही आमच्या कन्येने तासाभरात नाव दिले. म्हाताऱ्याला मात्र त्याचे नाव आधीच आहे, ते आम्हांस ठाऊक नाही. मराठीत 'ये' म्हटले तर तो ढिम्म बसतो. कानडीत 'बा' म्हटले की येतो. सोमवारी हेब्बाळच्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्याचे दात पाहून वय दहाच्या पुढे असावे असे सांगण्यात आले. आणखी दोन-चार वर्षे, एवढाच काय तो प्रश्न.

पुढील वर्षी आम्ही मिरजेस कायमचे राहावयास जाणार आहोत. तेथील घरमालकांस दोन कुत्रे चालतील काय, असे पत्र पाठवले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.