शुद्ध पाठ आणि संपादकाचा हक्क

प्राचीन संगीतग्रंथांच्या हस्तलिखितांवरून आधुनिक आवृत्ती सिद्ध करणारा संपादक एका चमत्कारिक पेचात सापडलेला असतो. मूळ कर्त्याला अभिप्रेत असलेला पाठ आपण पुन्हा उभा केला, असा त्याचा दावा असतो. हा दावा जितका खरा, तितका त्या पाठावरील त्याचा स्वतःचा हक्क क्षीण होतो. उलट, पाठावर हक्क सांगावा, तर त्यात आपण भर घातली अशी कबुली द्यावी लागते.

‘संगीतरत्नाकरा’चे उदाहरण घेऊ. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने रचलेला हा ग्रंथ मंगेश रामकृष्ण तेलंग यांनी संपादिला व पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९६-९७ मध्ये छापला. शार्ङ्गदेवावर स्वामित्वहक्क कोणाचाच नाही. परंतु त्याने स्वराक्षरांत नोंदविलेल्या रचना आजच्या स्वरलिपीत उतरविताना कोणता पाठभेद स्वीकारावा, मात्रा कोठे पडते, हे कोणाला तरी ठरवावेच लागते. हा निर्णय शार्ङ्गदेवाचा म्हणावा की संपादकाचा?

इंग्लंडमध्ये हाच वाद न्यायालयात गेला. १७२६ साली निवर्तलेल्या लालांद या फ्रेंच रचनाकाराच्या संगीताची आवृत्ती लायोनेल सॉकिन्स यांनी तयार केली होती. जुन्या संगीताच्या विश्वासू प्रतीत नवे ते काय, असा हायपेरियन या ध्वनिमुद्रण-कंपनीचा युक्तिवाद होता. अपील न्यायालयाने २००५ साली तो फेटाळला आणि संपादकाचे कौशल्य व श्रम मान्य केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात २००७ साली निव्वळ श्रम अपुरे ठरवून किमान सर्जकतेची अपेक्षा धरली. तो वाद न्यायनिर्णयांच्या संपादनाचा होता. तेथे किरकोळ दुरुस्त्यांना संरक्षण मिळाले नाही, परिच्छेदांच्या विवेकी मांडणीला मिळाले. ही कसोटी संगीताला लावली, तर लेखकूचा प्रमाद दुरुस्त करणाऱ्यास हक्क मिळणे कठीण. जेथे पाठ मूक आहे तेथे स्वतःच्या विवेकाने काही योजणाऱ्यास मात्र तो मिळू शकेल. म्हणजे जेथे संपादक मूळ कर्त्यापासून दूर जातो, तेथेच त्याचा हक्क बळकट होतो.

परवानगीचा प्रश्न याहून वेगळा आहे. तंजावरच्या भोसले राजांनी वाढविलेले सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ साली सर्वांना खुले झाले. अशा सार्वजनिक ग्रंथालयातील अप्रकाशित कृतीची प्रत संशोधनासाठी अथवा प्रकाशनाच्या हेतूने करण्यास १९५७ च्या कायद्याचे कलम ५२ मुभा देते; कर्ता ज्ञात असल्यास त्याच्या मृत्यूस साठ वर्षे उलटलेली असावी लागतात. तरीही संपादक ग्रंथालयाची अनुमती मागतो, आणि ती मागावीच. कागद जपणाऱ्याचे ऋण खरे आहे. मात्र जपणूक म्हणजे कर्तृत्व नव्हे. त्या ऋणापोटी संहितेवर कायमचा मक्ता देता येत नाही.

या पेचातून वाट काढणारे साधन पाठचिकित्सेपाशी पूर्वीपासून आहे. तळटीपांतील पाठभेद आणि चौकटी कंसांतील पूर्ती यांकडे आपण विद्वत्तेचा शिष्टाचार म्हणून पाहतो. वस्तुतः त्या नैतिक सीमारेषा आहेत. कंसातले माझे, कंसाबाहेरचे सर्वांचे, असे संपादक त्यांतून सांगत असतो. ही रेषा पुसून अवघी संहिता स्वतःच्या नावे करणारा संपादक शार्ङ्गदेवाच्या तोंडी स्वतःचे शब्द घालतो आणि वाचकापासून शार्ङ्गदेवाचे हिरावून घेतो. आपल्याकडील किती आवृत्त्यांत ही रेषा स्पष्ट दिसते, हे अभ्यासकांनी एकदा तपासून पाहावे.