गळ बांधण्याआधीचा प्रश्न

ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रात सामन धरायचा, तर गळाला उलटा काटा चालत नाही. गळाच्या टोकाजवळ मागे वळलेला हा बारीक काटा म्हणजे मासेमाराची खात्री. मासा झटके देतो, नावेच्या दिशेने धावून दोर ढिला पाडतो, तरी काटा त्याला सुटू देत नाही. कॅनडाचा नियम म्हणतो, बिनकाट्याचा गळ वापरा किंवा असलेला काटा पकडीने चेपून सपाट करा. नीट चेपला की नाही, हे गळ सुती कापडातून ओढून कळतं. धागा न उचलता तो बाहेर आला, तर काम झालं.

मासा धरायला निघालेल्या माणसाने धक्का सोडण्याआधीच माशाच्या सुटकेची सोय करायची, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण सामनच्या मासेमारीतला नैतिक प्रश्न नेमका इथेच उभा आहे. जीव घेणं योग्य की अयोग्य, हा वाद सहसा मासा नावेपाशी आल्यावर सुरू होतो. मारायचा की सोडायचा, खायचा की फोटो काढून परत पाण्यात टाकायचा? तोवर उशीर झालेला असतो. कोणत्या जातीचा, किती खोलीवरचा मासा लागणार आणि सुटलाच तर जगणार की नाही, यातलं बरंचसं दोर बांधताना ठरून गेलेलं असतं. धर्माधर्माचा विचार करायचा, तर तो तिथे करायला हवा.

ही मासेमारी ट्रोलिंगची. आपल्याकडचे ट्रॉलर समुद्रात जाळं खेचत नेतात, त्यांच्याशी हिचा संबंध नाही. ट्रोलिंगमध्ये नाव दोन-अडीच नॉट्सच्या संथ वेगाने चालते आणि मागे, पाण्याखाली, आमिष लावलेले मोजके गळ ओढले जातात. छोट्या नावांवर त्यासाठी डाउनरिगर असतो. त्याच्या तारेच्या टोकाला साडेचार ते सात किलोंचा शिशाचा गोळा लटकतो. गळाचा दोर चिमट्याने या तारेला अडकवतात आणि गोळा हव्या त्या खोलीवर सोडतात. माशाने आमिष ओढलं की चिमटा सुटतो. पुढची झटापट थेट काठी आणि मासा यांच्यात होते, मध्ये शिशाचं ओझं राहत नाही.

गळाच्या पुढे बहुधा फ्लॅशर असतो. साधारण २८ सेंटिमीटर लांबीची, टोकांना किंचित मुडपलेली ही चकाकती पट्टी पाण्यात गोल फिरत राहते. दुरून पाहणाऱ्या माशाला तिथे कुणीतरी भक्ष्यावर तुटून पडलंय, असं वाटतं. तिच्यामागे लीडर नावाच्या जाड, पारदर्शक दोऱ्यावर हूची, म्हणजे प्लास्टिकचं माकूल. हूचीला स्वतःची हालचाल नसते. फ्लॅशर तिला डावीउजवीकडे फेकेल तेवढीच. म्हणून लीडरची लांबी फार महत्त्वाची. ती पाऊण मीटर ठेवली, तर हूची झटक्याझटक्याने उडते आणि कोहो जातीचा चपळ सामन तिच्यावर येतो. मीटरभर किंवा त्याहून जास्त ठेवली, तर हूची सावकाश झोके घेते आणि ते चिनूक या सामनच्या दुसऱ्या जातीला भावतं. कोहो सहसा वरच्या थरात, जरा वेगाने जाणाऱ्या आमिषामागे धावतो. चिनूक खाली असतो, वीस-तीस मीटरवर आणि बऱ्याचदा त्याहून खोल.

हूचीऐवजी हेरिंग हा खरा मासा लावायचा असेल, तर त्याचं डोकं तिरक्या कापाने उडवतात. काप किती तिरका, यावर हेरिंग पाण्यात घट्ट गिरकी घेणार की ऐसपैस, हे ठरतं. गोळा खाली सोडण्याआधी अनुभवी मासेमार आमिष नावेच्या कडेला पाण्यात धरून पाहतो. जखमी माशासारखं ते लडबडत फिरलं पाहिजे. नाही फिरलं तर वर घेऊन गळ किंचित मागेपुढे करतो, पुन्हा पाहतो. मग लीडरवरून बोटं फिरवून कुठे चरा पडलाय का ते बघतो आणि गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवतो. टोक नखावर न घसरता रुतलं, तर गळ धारदार आहे.

एवढी सगळी कला फसवणुकीची आहे, हे मान्य करूनच पुढे जायला हवं. प्रशांत महासागराच्या अमेरिकन किनाऱ्यावरच्या पाचही जातींचे सामन नदीत शिरले की खाणं थांबवतात, वर चढून अंडी घालतात आणि मरतात. त्या प्रवासाची शिदोरी ते समुद्रात चरबीच्या रूपाने अंगात साठवतात. ट्रोलिंगचा गळ त्यांना या भुकेच्या काळात गाठतो. जगण्याच्या धडपडीलाच आमिष दाखवलेलं असतं.

त्यात माशाला वेदना होते का? २००३ साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या डोक्यावर आणि ओठांपाशी इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचं दाखवलं. ओठांत ॲसिटिक ॲसिड टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर तोंड घासत होते आणि बराच वेळ खायला येत नव्हते. रेनबो ट्राउट हा चिनूक-कोहोच्याच प्रजातिकुळातला, म्हणजे सामनचा सख्खा भाऊबंद. ब्रायन की यांच्यासारखे शास्त्रज्ञ हे मानत नाहीत. माणसाच्या मेंदूत वेदनेची जाणीव जिथे होते, तशी रचना माशात नाही, तेव्हा ही केवळ प्रतिक्रिया आहे, असं त्यांचं म्हणणं. वाद मिटलेला नाही. पण माशाला काहीच जाणवत नसेल, या आशेवर गळ बांधणं हा जबाबदारीतून अंग काढून घेण्याचा मार्ग झाला. शंका असेल तिथे तिचा फायदा माशाला मिळायला हवा.

मग गळ बांधूच नये का? महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध भेटतो. तो मांस विकून पोट भरतो. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण त्याच्याकडे धर्म समजून घ्यायला येतो, पण त्याचा धंदा पाहून अस्वस्थ होतो. व्याध स्वतः प्राणी मारत नाही, मांस खात नाही. तरीही आपलं काम निर्दोष आहे, असा दावा तो करत नाही. ते घोर आहे, हे तो कबूल करतो. मग तो कौशिकाला नांगराकडे पाहायला लावतो. शेतकऱ्याच्या फाळाखाली जमिनीतले किती जीव मरतात, धान्याच्या दाण्यांतही जीव असतो, चालणाऱ्याच्या पायाखाली कितीतरी चिरडतात. पूर्ण अहिंसा कुणालाच साधलेली नाही, पण यत्न करणाऱ्याच्या हातून हिंसा कमी होते, असं त्याचं सांगणं.

या उत्तरातला ‘कमी’ हा भाग सहज निसटतो. कमी करण्याची इच्छा पुरत नाही. ते करायला साधन लागतं. मासेमाराकडे ते साधन गळ, लीडर, खोली आणि जाळी यांच्या निवडीत आहे.

प्रशांत महासागराच्या त्या किनाऱ्याच्या मूळ रहिवाशांनी हा विचार फार पूर्वी केला होता. कोस्ट सालिश लोकांच्या परंपरेत सामन हे समुद्रतळी घरं करून राहणारे लोक आहेत. माशाचा वेश घेऊन ते माणसांना अन्न द्यायला येतात. हंगामातल्या पहिल्या सामनचं पाहुण्यासारखं स्वागत होतं, सगळ्यांना त्याचा घास मिळतो आणि हाडं पाण्यात परत दिली जातात, म्हणजे तो पुन्हा जन्म घेऊन येईल. वॉशिंग्टन राज्यातल्या टुलालिप लोकांनी हा सोहळा १९७०च्या दशकात पुन्हा सुरू केला. त्याच दशकात, १९७४ साली, न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी करार केलेल्या जमातींचा धरण्याजोग्या माशांपैकी निम्म्यावर हक्क असल्याचा निकाल दिला होता.

इथे एक अडचण उभी राहते. मासा स्वतःहून येतो, तो दान आहे, असं मानायचं. आणि त्याला भुलवायला सापळाही रचायचा. हे दोन्ही एकत्र कसं बसतं? व्हँकुव्हर बेटावरच्या सानिच लोकांचं रीफ-नेट या प्रश्नाचं जुनं उत्तर आहे. दोन होड्यांमध्ये जाळं ताणायचं आणि त्याच्याकडे चढत जाणारे दोर लावायचे. दोरांत गवताच्या पात्या अडकवलेल्या. माशाला वाटतं, समुद्राचा तळ वर येतोय, आणि तो उतरंडीवरून जाळ्यात शिरतो. फसवणूक इथेही आहे, फ्लॅशरइतकीच चतुर. पण जाळ्याच्या शेवटी विलोच्या फांदीची एक कडी विणलेली असायची, मुद्दाम ठेवलेलं भोक. काही मासे तिथून निसटून आपल्या नदीकडे जावेत आणि त्यांचा वंश चालू राहावा म्हणून.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या सरकारने ही मासेमारी बंद पाडली. २०१४ साली पेंडर बेटाजवळ सानिच लोकांनी ती पुन्हा करून दाखवली. त्या भोकाने अडचण सुटते. ‘मासा दान देतो’ ही श्रद्धा खरी ठरते ती घेणाऱ्याने स्वतःच्या हाताला घातलेल्या मर्यादेत. ती मर्यादा मनात ठेवून भागत नाही, कारण भरतीला मासे झुंडीने येतात तेव्हा मन टिकत नाही. म्हणून ती आधीच जाळ्यात विणायची. चेपलेला काटा ही त्याच विचाराची आजची, कायद्याच्या भाषेतली आवृत्ती आहे.

मात्र सुटका म्हटली की सगळं पवित्र झालं, असंही नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातले ए. ए. ल्यूस हे बर्कलीच्या तत्त्वज्ञानाचे मोठे अभ्यासक, चर्चचे धर्मगुरू आणि आयुष्यभर गळ टाकणारे मासेमार. १९५९च्या ‘फिशिंग अँड थिंकिंग’ या पुस्तकात त्यांनी ठाम भूमिका घेतली. अन्नासाठी मासा धरणं समर्थनीय आहे; सोडायच्या हेतूनेच, केवळ मजेसाठी धरणं नाही. २००८च्या स्वित्झर्लंडच्या प्राणीसंरक्षण नियमांनीही सोडण्याच्या इराद्याने मासे धरायला मनाई केली.

वॉशिंग्टनमध्ये प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. हॅचरीत वाढवलेल्या सामनच्या पिल्लांचा शेपटीजवळचा, पाठीवरचा छोटा मांसल पर कापून त्यांना समुद्रात सोडतात. अनेक ठिकाणी पर कापलेला मासा ठेवता येतो. पर शाबूत असलेला, रानातला, सोडावाच लागतो. ज्याला ठेवायची परवानगी नाही, तो सामन नावेत उचलून घ्यायलाही बंदी आहे. आमिष काही पर पाहून मासा निवडत नाही. तेव्हा जेवणासाठी निघालेला माणूसही सोडणारा होतो, आणि सोडलेल्यांपैकी काही मरतात. मत्स्यव्यवस्थापक हे मृत्यू धरूनच कोटा आखतात.

हे मृत्यू कमी करणं पुन्हा साहित्यावर येऊन ठेपतं. समुद्रातल्या सामनचे खवले सैल असतात, हात लागला तरी गळतात, आणि त्यांच्यावरचा बुळबुळीत थर गेला की खाऱ्या पाण्यापुढे मासा उघडा पडतो. गाठी असलेलं नायलॉनचं हातजाळं त्याला खरवडतं. बिनगाठीचं, रबराचं जाळं कमी. एकच गळ असेल तर तो ओठातून एका पिळात निघतो. दोन असतील तर दुसरा डोळ्यात किंवा कल्ल्यात रुतण्याचा धोका असतो. कल्ल्यातून रक्त आलेला सामन सोडला, तरी त्याचं जगणं अवघडच.

आणि मर्यादा एका नावेपुरती राहत नाही. अलास्काच्या आग्नेय टोकाला सिटकाच्या आसपास ट्रोलर धरतात त्या चिनूकांतले बरेचसे दक्षिणेकडच्या, ब्रिटिश कोलंबिया, वॉशिंग्टन आणि ऑरेगॉनच्या नद्यांकडे निघालेले असतात. वॉशिंग्टनच्या समुद्रात फिरणारे ‘दक्षिणी रहिवासी’ म्हणून ओळखले जाणारे ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, मुख्यतः चिनूकवर जगतात आणि ते उरलेत सत्तर-पंचाहत्तर. मे २०२३मध्ये सिॲटलच्या न्यायालयाने या ऑर्कांच्या बाजूने दिलेल्या आदेशाने अलास्काच्या चिनूक ट्रोलिंगचा हंगाम थांबण्याची वेळ आली. जूनमध्ये वरच्या न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि २०२४मध्ये तो फिरवला. एकेक मासा गळाने धरणारी ही कुटुंबं मोठ्या जाळ्यांच्या तुलनेत कितीतरी संयमी आहेत. तरी त्यांच्या गळापुढचा चिनूक दुसऱ्या कुणाच्या तोंडचा घास असू शकतो. धर्मव्याधाच्या फाळाखालचे जीव असेच दूरवर, न दिसणारे असतात.

म्हणून ‘चुकून लागला’ ही सबब या किनाऱ्यावर फार तपासून घ्यायला हवी. चिनूक बंद असलेल्या दिवसांत कुणी मीटरभर लीडर बांधून, वेग कमी करून, गोळा तीस मीटरवर सोडत असेल, तर लागलेला चिनूक चुकून लागलेला नाही. तो माणूस त्याच्याचसाठी तयारी करून गेला होता. उलट आखूड लीडर, जरासा जास्त वेग आणि वरचा थर निवडणाऱ्यालाही एखादा चिनूक लागेल, पण त्याच्या बाजूने बोलायला जागा आहे. आणि ठेवायची परवानगी असलेला शेवटचा मासा बर्फात गेल्यावरही दोर पाण्यात राहत असतील, तर ल्यूस यांचा आक्षेप पूर्णपणे लागू होतो. जेवणाचा हेतू तेव्हा संपलेला असतो. पुढे लागणाऱ्या प्रत्येक माशाला द्यायला मासेमाराकडे कारण उरत नाही. अशा वेळी डाउनरिगरची तार गुंडाळून नाव धक्क्याकडे वळवणं हाही दिवसाच्या मासेमारीचा भाग मानला पाहिजे, आणि नव्याने शिकणाऱ्याला तो गळ बांधायला शिकवतानाच सांगितला पाहिजे.