चेंडू पडत का नाही?

गेल्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही चौघे वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात गेलो होतो. वसईहून लोकल, महालक्ष्मीला उतरून पुढे टॅक्सी. सोबत खाऊचे डबे, पाण्याच्या बाटल्या. निघतानाच मुलांना ताकीद दिली होती, "तिथे कशालाही हात लावायचा नाही!" आत जाऊन पाहतो तर सगळीकडे हात लावण्याचेच आमंत्रण! बटण दाबा, चाक फिरवा, दोरी ओढा. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे फ्रँक ओपेनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६९ साली अशाच प्रकारचे संग्रहालय उघडले होते. वरळीचे केंद्र १९८५ साली सुरू झाले. वस्तू काचेआड न ठेवता पाहणाऱ्याच्या हाती द्यायची आणि त्याला स्वतः पडताळू द्यायचे, ही या संग्रहालयांची रीत.

एका ठिकाणी नळीतून हवेचा झोत वर येत होता आणि त्यावर एक चेंडू अधांतरी तरंगत होता. "पप्पा, हा पडत का नाही?" माझ्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारले. "खालून हवा त्याला वर ढकलते म्हणून," मी तत्काळ सांगितले. आसपासची मुलेही ऐकत होती, त्यामुळे माझा आवाज जरा चढलाच होता. मुलाने नळी हळूच तिरपी केली. चेंडू झोताबरोबर बाजूला सरकला, पण पडला नाही. "आणि आता?"

मला उत्तर ठाऊक नव्हते. पण तसे म्हणायला जीभ रेटेना. "चेंडूत लोहचुंबक असेल," असे ठोकून दिले आणि वर दटावले, "चल पुढे, किती प्रश्न विचारशील?"

परतताना गाडीत तो गप्पच होता. बोरिवली गेल्यावर हळूच म्हणाला, "पप्पा, त्यात चुंबक नव्हता. चेंडू खाली पडला तेव्हा मी हातात घेऊन बघितला. नुसता हलका प्लास्टिकचा होता." मी हसून वेळ मारून नेली. थोड्या वेळाने त्याने दुसरा प्रश्न विचारला, "आजी देवाजवळ आहे, ते तरी तुम्हांला ठाऊक आहे ना?"

माझी आई त्याच वर्षी जानेवारीत वारली. दफनविधीनंतर रडणाऱ्या या मुलाला मीच जवळ घेऊन ते सांगितले होते. तेव्हा त्याने विनातक्रार माझे ऐकले. आज मात्र चेंडूतल्या एका खोट्या चुंबकाने आजीलाही संशयात ओढले होते.

वाचकहो, मुलांना आपण दोन प्रकारच्या गोष्टी सांगतो. काही गोष्टी हाताने तपासता येतात. चेंडू उचलून बघता येतो, नळी तिरपी करता येते. पण प्रेम, क्षमा, मरणानंतरचे जीवन या गोष्टी कोणत्याही नळीवर तरंगत ठेवता येत नाहीत. तिथे मुलाजवळ असतो तो सांगणाऱ्याचा शब्द. आणि तो शब्द किती खरा, हे मूल पहिल्या प्रकारच्या गोष्टींवरून ठरवते. संत ऑगस्टीन यांनी सुमारे १६०० वर्षांपूर्वी उत्पत्तीच्या पुस्तकावरील आपल्या भाष्यात हाच इशारा दिला आहे. सृष्टीविषयी, जे इतरांना अनुभवाने माहीत आहे त्याविषयी, श्रद्धावंत माणूस बेधडक चुकीचे बोलू लागला, तर पुनरुत्थानाविषयी त्याचे कोण ऐकेल, असा त्यांचा सवाल आहे.

आपण मात्र काय करतो? प्रश्न अवघड वाटला की "मोठा झाल्यावर कळेल" म्हणतो. फारच झाले तर "असे विचारलेस तर देव शिक्षा करील!" म्हणून मोकळे होतो. आपले अज्ञान झाकायला आपण देवालाही वेठीस धरतो.

त्या रात्री मी मुलाला जवळ बसवले. "चुंबकाचे मी खोटे सांगितले. मला उत्तर ठाऊक नव्हते, आणि तसे म्हणायची लाज वाटली," असे कबूल केले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या विज्ञानशिक्षकांना विचारले. त्यांनी समजावले, की झोत तिरपा असला की चेंडू किंचित खाली येतो. हवा त्याच्या वरच्या अंगाने, गोलाईला चिकटून जाते आणि खाली वळते. चेंडू हवेला खाली वळवतो, त्याच वेळी हवा चेंडूला वर उचलून धरते. घरी आम्ही केस वाळवायच्या यंत्राच्या थंड हवेवर टेबल टेनिसचा चेंडू ठेवून पाहिला. तरंगला! यंत्र थोडे कलते केले, तरी पडला नाही. फार कलते केल्यावर पडला, तेव्हा धाकटीने टाळ्या पिटल्या.

मग मी मुलाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळलो. "आजी देवाजवळ आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलेले नाही. चेंडूसारखे ते तुला दाखवता येणार नाही. पण माझा त्यावर विश्वास आहे. आजीचाही होता, आणि त्या विश्वासावर ती शेवटपर्यंत शांत होती." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं." त्याला किती पटले, मला ठाऊक नाही.

'मला ठाऊक आहे', 'मला ठाऊक नाही' आणि 'माझा विश्वास आहे' ही तीन निरनिराळी वाक्ये आहेत. ती निरनिराळीच ठेवण्याचा प्रामाणिकपणा आपल्या घरात आहे का? मधले वाक्य ज्या घरात मोकळेपणाने बोलले जाते, तिथे तिसऱ्या वाक्याला वजन येते. या सुटीत आपल्या मुलांना अशा एखाद्या ठिकाणी जरूर न्या. त्यांनी विचारले आणि उत्तर आले नाही, तर तसे सांगा. आईवडिलांचा मान त्याने कमी होत नाही.