सव्यसाची आणि सव्यापसव्य

दोन्ही हात सारखे चालविणाऱ्या माणसाविषयी मराठी भाषेचे मन कधीच एक झालेले दिसत नाही. दोन्ही हातांनी धनुष्य ओढणाऱ्या अर्जुनास ती 'सव्यसाची' म्हणून गौरविते आणि अनेक क्षेत्रांत संचार करणाऱ्या कर्तबगार पुरुषास तोच शब्द बिरुदासारखा लाविते. परंतु 'सव्यापसव्य' हा शब्द मात्र ती निराळ्याच सुरात उच्चारते. श्राद्धकर्मात जानवे या खांद्यावरून त्या खांद्यावर न्यावयाचे, त्यावरून आलेला हा शब्द व्यवहारात निष्कारण खटाटोपाचा वाचक होऊन बसला. आणि जो कोणत्याच एका पक्षास स्वतःला बांधून घेत नाही, त्याचे वर्णन आपण 'दोन्ही डगरींवर हात' एवढ्या तीन शब्दांत उरकतो. एकाच सामर्थ्याचा एकीकडे गौरव आणि दुसरीकडे त्याच्याविषयी संशय, असा हा प्रकार आहे. यांतील खरे काय? ऐन झुंजीत हात बदलणे हे कौशल्य, की लबाडी?

हा प्रश्न क्रीडांगणावर जितका स्वच्छ दिसतो तितका संसारात दिसत नाही. तेथे नियम लिहिलेले असतात, पंच उभा असतो आणि हजारो डोळे पाहत असतात. म्हणून आरंभ तेथूनच करू; आणि त्यासाठी आम्हां बंगळूरकरांस दूर जाण्याचेही कारण नाही.

रणजी करंडकाच्या १९८१-८२ च्या हंगामातील मुंबई आणि कर्नाटक यांचा उपांत्य सामना आमच्या या नगरीत, चिन्नास्वामी स्टेडियमवर झाला. कर्नाटकाचा डावखुरा फिरकी गोलंदाज रघुराम भट याने पहिल्या डावात १२३ धावांत ८ बळी घेतले आणि मुंबईचा डाव २७१ वर आटोपला. कर्नाटकाने ४७० धावा करून १९९ धावांची आघाडी मिळविली. सामना अनिर्णित राहिला तरी त्या आघाडीच्या बळावर कर्नाटक अंतिम फेरीत जाणार, हे आता जवळजवळ ठरून गेले होते. दुसऱ्या डावात मुंबईची पुन्हा पडझड झाली. कर्णधार सुनील गावसकर या वेळी आठव्या क्रमांकावर फलंदाजीस आले आणि भटच्या गोलंदाजीसमोर चक्क डाव्या हाताचे फलंदाज होऊन उभे राहिले. भटचा चेंडू उजव्या फलंदाजापासून बाहेर वळे. तोच डाव्या फलंदाजाकडे आत येई, आणि बॅटीची कड लागून झेल उडण्याचे भय त्या मानाने कमी होई. समोर दुसरा गोलंदाज आला की गावसकर पुन्हा उजव्या हाताने खेळत. ते १८ धावांवर नाबाद राहिले, मुंबईने ९ बाद २०० अशी मजल मारून पराभव टाळला, आणि अपेक्षेप्रमाणे कर्नाटक पुढे गेले.

या कृतीवर त्या वेळी टीका झाली आणि तिची चर्चा अद्यापि अधूनमधून होते. आक्षेप दोन प्रकारचे संभवतात. पहिला असा की, हा गोलंदाजाचा उपमर्द होय. 'तुला मी दुसऱ्या हातानेही खेळेन' असे त्यातून सूचित होते. दुसरा असा की, ज्या प्रयत्नाने अंतिम फेरी पदरात पडणार नव्हती, त्यासाठी एवढे सव्यापसव्य कशाला?

पहिला आक्षेप आम्हांस टिकाऊ वाटत नाही. बलवानाने दुर्बळासमोर मौजेखातर डावा हात वापरला तर तो उपमर्द खरा. येथे परिस्थिती उलट होती. जगातील अव्वल गोलंदाजीस उजव्या हाताने तोंड दिलेला फलंदाज एका प्रांतिक गोलंदाजासमोर आपला सरावाचा हात बाजूस ठेवतो आणि कच्च्या हातावर भिस्त टाकतो, यात त्या गोलंदाजाच्या सामर्थ्याची कबुलीच आहे. भटच्या फिरकीला याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळणे कठीण होते. दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर असे की, फळ हातचे गेल्यावरही पराभव टाळण्यासाठी झटणे हे निरर्थक असेल, तर खेळातीलच नव्हे, आयुष्यातीलही बरेचसे शौर्य निरर्थक ठरेल. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. गावसकर कोणत्या हाताने उभे आहेत, हे प्रत्येक चेंडूपूर्वी गोलंदाजास दिसत होते आणि क्षेत्ररक्षकांस आपल्या जागा बदलण्यास अवसर होता. लपविलेले असे काहीच नव्हते.

तथापि एक शंका उरतेच. फलंदाजाप्रमाणे गोलंदाजासही दोन्ही हात असतील तर? एकाने बदलला की दुसऱ्यानेही बदलावयाचा, असे चालले तर खेळ पुढे सरकणार कसा?

ही शंका काल्पनिक नाही. अमेरिकेतील बेसबॉल या खेळात ती अक्षरशः प्रत्यक्षात उतरली. त्या खेळात चेंडू फेकणाऱ्यास पिचर म्हणतात, आणि पिचर व फलंदाज एकाच हाताचे असले तर सामान्यतः पिचरचे पारडे जड राहते. म्हणून पुष्कळ फलंदाज दोन्ही बाजूंनी खेळावयास शिकतात. दोन्ही हातांनी फेकणारा पिचर मात्र फार दुर्मीळ. पॅट वेंडिट हा असा एक पिचर. तो जन्मतः उजवा. पण वडिलांनी त्यास वयाच्या तिसऱ्या वर्षापासून दोन्ही हातांनी फेकावयास शिकविले, आणि पुढे त्याच्यासाठी कोणत्याही हातात चढेल असा सहा बोटांचा हातमोजा बनवून घेतला. १९ जून २००८ रोजी न्यूयॉर्कमधील एका कनिष्ठ श्रेणीच्या सामन्यात त्याच्यासमोर राल्फ हेन्रिकेझ हा दोन्ही बाजूंनी खेळणारा फलंदाज आला. फलंदाज उजवीकडे उभा राहिला की वेंडिट मोजा बदलून उजव्या हाताने फेकण्यास सिद्ध होई. ते पाहून फलंदाज डावीकडे जाई. की वेंडिट पुन्हा मोजा बदली. काही मिनिटे चेंडू फेकलाच गेला नाही. यास सव्यापसव्य नाही म्हणावयाचे तर कशास म्हणावयाचे?

या पेचातून एक नियम जन्मास आला. पिचरने कोणता हात वापरणार हे प्रथम उघड करावे. मोजा दुसऱ्या हातात घालून ते पंचास, फलंदाजास आणि धावणाऱ्या खेळाडूंस दिसेल असे दाखवावे. आणि त्या फलंदाजाचा निकाल लागेपर्यंत दुखापतीवाचून हात बदलू नये. या नियमाने दोन हातांच्या सामर्थ्यावर बंदी घातली नाही. त्यास फक्त आधी बोलावयास लाविले. पुढे २०१५ च्या जून महिन्यात वेंडिट ओकलंड संघातर्फे सर्वोच्च श्रेणीत खेळला.

क्रिकेटच्या नियमांत ही समज पूर्वीपासून आहे. गोलंदाज उजव्या हाताने टाकणार की डाव्या, हे पंच विचारून घेतो आणि फलंदाजास सांगतो. न सांगता हात बदलणे नियमाने अन्याय्य ठरविले असून पंच तो नो-बॉल देतो. विदर्भाचा अक्षय कर्णेवार २०१७ च्या सप्टेंबरात चेन्नईस ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात, समोरचा फलंदाज उजवा की डावा हे पाहून हात बदलीत होता. श्रीलंकेचा कामिंदु मेंडिस २०२५ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर एकाच षटकात दोन्ही हातांनी गोलंदाजी करून गेला. दोघांनाही प्रत्येक बदलापूर्वी पंचास सांगावे लागते. फलंदाजास असे बंधन नाही, कारण त्याचे उभे राहणे हेच त्याचे निवेदन. म्हणूनच २००८ मध्ये इंग्लंडच्या केव्हिन पीटरसनने गोलंदाज धावत असता पवित्रा पालटून दुसऱ्या हाताने फटके मारले, तेव्हा एम.सी.सी.ने ते वैध ठरविले तरी अनेक क्रीडारसिकांच्या मनात काहीतरी खुपतच राहिले. आमच्या मते ते खुपणे अकारण नव्हते.

येथे कोणी म्हणेल, क्रिकेटमध्ये फसवणूक का होत नाही? गुगली म्हणजे दुसरे काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तरही याच नगरीत सापडते. बालपणी पोलिओने भागवत चंद्रशेखर यांचा उजवा हात कृश झाला. ते सीमारेषेवरून चेंडू फेकीत डाव्या हाताने. परंतु गोलंदाजी करीत त्या कृश उजव्या हाताने, आणि त्याच हाताने त्यांनी कसोटी सामन्यांत २४२ बळी मिळविले. त्यांचा चेंडू कोणीकडे वळेल हे मोठमोठ्या फलंदाजांस उमगत नसे. तरी कोणी त्यांना लबाड म्हटले नाही. चेंडूचे गूढ हा खेळाचा भाग आहे; ते उकलण्यासाठीच तर फलंदाज उभा असतो. चेंडू कोणत्या हातातून येणार, हे मात्र त्या गूढाचा भाग नव्हे. ते ठाऊक असणे ही झुंजीची पूर्वअट आहे. माझी चाल मी तुला सांगणार नाही, पण मी कोठे उभा आहे हे सांगेन. असा हा प्रतिस्पर्ध्यांमधील अलिखित करार असतो.

आता क्रीडांगणातून घराकडे वळू. कारण हा विवेक आमच्यासारख्यांस सर्वांत अधिक उपयोगाचा आहे. आम्ही कर्नाटकाच्या राजधानीत राहणारे मराठी लोक. शहाजीराजांच्या जहागिरीपासून या नगरीत मराठीचा वावर आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत आणखी तिसरी भाषा, असा आमचा दिवस जातो. मुले कन्नडमध्ये भांडतात आणि मराठीत रुसतात. यावरून आम्हांस दोन्हीकडून बोल लागतो. येथले म्हणतात, 'हे मनाने तिकडचे'; पुण्यामुंबईचे आप्त म्हणतात, 'हे आता कानडी झाले.' सीमाप्रश्न पेटला की दोघेही एकदमच विचारतात, 'तुम्ही कोणाकडचे?' या प्रश्नाने गांगरून काही जण एक हात बांधून ठेवतात. मुलांशी मराठी बोलणेच सोडतात, किंवा तीस-तीस वर्षे येथे राहून कन्नडचे अक्षर शिकत नाहीत.

आमचे म्हणणे असे की, दोन भाषा, दोन निष्ठा, दोन आठवणी असणे हा दोष नव्हे. दोष तेव्हा घडतो, जेव्हा माणूस ऐकणारा पाहून न सांगता हात बदलतो. शेजाऱ्यापाशी 'आम्ही इथलेच' म्हणतो आणि सुटीत गावी गेल्यावर त्याच शेजाऱ्याच्या बोलण्याची नक्कल करून हशा मिळवितो. बेळगावाविषयी मंडळाच्या बैठकीत एक मत देतो आणि कचेरीत दुसरे. मत कोणतेही असो, ते दोन्हीकडे एकच असले पाहिजे. भाषा बदलावी, बोलणारा बदलू नये. तसे झाले की शेजाऱ्यांतील विश्वास जातो, आणि तो गेल्यावर दोन भाषा अवगत असल्याचा काय उपयोग?

यास आणखी एक जोड हवी, ती परिश्रमांची. वेंडिटला दोन हात मिळाले ते दुप्पट फेकून. जो दोन्ही भाषांचा अभिमान सांगतो आणि एकीतही धड पत्र लिहीत नाही, त्यास सव्यसाची म्हणता येणार नाही. दोन हातांचा मान हवा असेल तर दोन्ही हातांचे घट्टे सोसले पाहिजेत. मुलास मराठी पुस्तक द्यावयाचे, आणि त्याच्या कन्नड पाठ्यपुस्तकातील धडा आपणही त्याच्याबरोबर वाचावयाचा. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

महाभारतातील विराटपर्वात अर्जुन एक वर्ष बृहन्नडा होऊन अज्ञातवासात राहिला. कौरवांनी गाई वळविल्या तेव्हा तो भयभीत उत्तराला घेऊन शमीवृक्षापाशी आला. तेथे उत्तराने त्यास त्याच्या दहा नावांचे अर्थ विचारले, आणि अर्जुनाने ते एकेक करून सांगितले. 'सव्यसाची' हे त्यांतीलच एक. माझे दोन्ही हात गांडीव ओढू शकतात म्हणून मी सव्यसाची, असा त्याचा खुलासा. मग तो युद्धास निघाला. वेषांतराचे वर्ष संपले होते आणि आता लढावयाचे होते. म्हणून धनुष्यास हात घालण्यापूर्वी त्याने आपण कोण आहोत आणि आपले हात काय करू शकतात, हे आपल्या सोबत्यास सांगून टाकले. दोन हातांनी जगू इच्छिणाऱ्या कोणासही हाच क्रम धरावा लागेल.