गच्चीचा कठडा

दिल्लीत स्वातंत्र्यदिन हा पतंगांचाही दिवस असतो. १५ ऑगस्टच्या दुपारी द्वारकेतील उंच इमारतींच्या गच्च्या माणसांनी भरून जातात. मुले मांजा सोडत असतात आणि त्यांच्यामागे उभी राहून मोठी माणसे आभाळाकडे पाहत असतात. आमच्या सहकारी गृहसंस्थेच्या गच्चीचा कठडा काही वर्षांपूर्वी एका कोपऱ्यात खिळखिळा झाला होता. सभेत दुरुस्तीचा विषय निघाला, अंदाजपत्रक वाचले गेले, आणि यंदा रंगकामाचा खर्च असल्याने हे काम पुढील वर्षी करावे असा ठराव संमत झाला. त्या ठरावासाठी हात वर करणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. त्या वर्षी कोणी पडले नाही. परंतु कोणी पडले नाही एवढ्यावरून तो ठराव योग्य ठरतो काय, हा प्रश्न मनातून गेला नाही.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील आठवे वचन वाचकांच्या परिचयाचे असेल. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा, नाहीतर तेथून कोणी पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. पक्ष्याची घरटी, मिश्र बियाणे, वस्त्राचे गोंडे अशा विधींमध्ये हे वचन सापडते, म्हणून पुष्कळदा आपण ते ओलांडून पुढे जातो. वास्तविक त्यात फार मोठा विचार आहे. पडणारा मनुष्य सावध होता की बेसावध, त्याने वाकून पाहावयास हवे होते की नको, याची चौकशी तेथे नाही. ज्याने माणसांना गच्चीवर येऊ दिले, त्याचे कर्तव्य अपघाताच्या आधी सुरू होते. ते बांधकामाच्या दिवशीच पार पाडावयाचे असते, प्रेतयात्रेच्या दिवशी नव्हे.

आजच्या काळात सर्वांत मोठ्या गच्च्या म्हणजे आपली क्रीडांगणे. आणि तेथे कठडा कोणी बांधावा, हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. इ. स. २७ मध्ये, म्हणजे पिलात यहूदियाचा सुभेदार असताना, रोमजवळच्या फिदेनी या गावी अटिलियस नावाच्या एका माणसाने द्वंद्वयुद्धाच्या खेळासाठी लाकडी प्रेक्षागार उभारले. पाया भक्कम जमिनीवर घातला नाही, लाकडे नीट जोडली नाहीत. त्याला केवळ पैसा मिळवावयाचा होता. खचाखच भरलेले ते प्रेक्षागार कोसळले. टॅसिटस या इतिहासकाराने मृत आणि जायबंदी मिळून ५०,००० असा आकडा दिला आहे. आकड्याविषयी शंका घेता येईल, पण पुढे जे घडले ते विचार करण्यासारखे आहे. रोमच्या सिनेटने ठराव केला, की ज्याची मालमत्ता ४,००,००० सेस्टर्सहून कमी आहे त्याने असे खेळ भरवू नयेत, आणि जमिनीची मजबुती तपासल्याखेरीज प्रेक्षागार बांधू नये. अटिलियसला हद्दपार करण्यात आले. क्रीडास्थळांच्या नियमनाचा हा बहुधा सर्वांत जुना दाखला असावा. आणि तोही माणसे मेल्यावरचा.

आपल्या महाराष्ट्रातील प्रसंग याहून जवळचा आहे. रविवार, २६ नोव्हेंबर १९९५. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधील विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर भारत आणि न्यूझीलंड यांचा एकदिवसीय सामना होता. मधल्या सुटीत प्रेक्षागारातील एक भिंत कोसळली आणि नऊ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. अनेक जखमी झाले. सामना मात्र पुढे चालू राहिला. न्यूझीलंडने तो ९९ धावांनी जिंकला. नॅथन ॲसलच्या ११४ धावा क्रिकेटच्या आकडेवारीत आजही सापडतात. त्या नऊ जणांची नावे त्या आकडेवारीत नाहीत.

सामना थांबवावयास हवा होता काय? प्रथमदर्शनी उत्तर सोपे वाटते. माणसे मेली असता चेंडू-फळीचा खेळ चालू ठेवणे हे निर्दयपणाचे लक्षण होय, असे कोणीही म्हणेल. पण थोडे थांबून पाहिले पाहिजे. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हायसेल मैदानावर युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यापूर्वी ३९ माणसे मेली, तरीही सामना खेळवला गेला. खेळ रद्द झाल्याचे कळताच हजारो संतप्त माणसे एकाच वेळी उठतील आणि मृतांची संख्या वाढेल, ही भीती अधिकाऱ्यांना वाटत होती. ही भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. भरलेले मैदान एकाएकी रिकामे करणे हाच कित्येकदा दुसरा अपघात ठरतो. म्हणून खेळ चालू ठेवणे हे प्रत्येक वेळी पाप नसते. परंतु ज्या मैदानावर खेळ थांबवणे हेच संकट ठरते, ते मैदान बांधतानाच काहीतरी चुकलेले असते. दारे अपुरी, जिने अरुंद, सूचना देण्याची सोय नाही, अशा जागी अधिकाऱ्यापुढे दोनच वाईट मार्ग उरतात. त्याने त्यांपैकी कमी वाईट निवडला म्हणून त्याला दोष देऊ नये. मात्र त्याला तेथे आणून उभे करणारे निर्दोष सुटू नयेत.

यापेक्षा वेगळा प्रसंग ४ जून २०२५ रोजी बंगळुरूला घडला. आदल्या दिवशी आयपीएल स्पर्धा जिंकून आलेल्या संघाचे स्वागत चिन्नास्वामी मैदानात होणार होते. सुमारे ३५,००० माणसे मावतील अशा जागेभोवती लाखोंचा समुदाय जमला. फाटकांपाशी चेंगराचेंगरी होऊन ११ जण मरण पावले आणि आत सत्कार सुरू राहिला. तेथे कोणतीही स्पर्धा पूर्ण करावयाची नव्हती. एक दिवस थांबले असते तर चषक काही गंजणार नव्हता.

अशा प्रसंगी एक वाक्य हमखास ऐकू येते: गर्दीच बेशिस्त होती. प्रभू येशूपुढेही हा विचार आला होता. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ते इतरांपेक्षा अधिक अपराधी असतील असा लोकांचा समज होता. लूकच्या तेराव्या अध्यायात प्रभूने तो समज स्पष्ट शब्दांत नाकारला आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाचे आवाहन केले. मृतांचा दोष शोधण्यात जिवंतांना एक सोय असते. आपली चौकशी टळते. इंग्लंडमधील हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी जे चेंगरले गेले, त्यांपैकी ९७ जण मरण पावले. पोलिसांनी आणि काही वृत्तपत्रांनी मद्यधुंद प्रेक्षकांवर खापर फोडले. आप्तेष्टांनी सत्तावीस वर्षे लढा दिला, तेव्हा २०१६ साली ज्यूरीने सांगितले की प्रेक्षकांचा दोष नव्हता.

मात्र प्रेक्षकाला सर्वस्वी निरपराध ठरवणेही मला पटत नाही. तिकीट नसताना फाटकाला भिडणारे, झाडावर आणि पत्र्यावर चढणारे, पुढच्याला ढकलून आत शिरणारे आपलेच असतात. वांद्र्याच्या मोती माउलीच्या जत्रेत किंवा एखाद्या मोठ्या प्रार्थनासभेत आपण कसे वागतो, हे आपण जाणतोच. एवढेच म्हणावयाचे, की एकट्या माणसाला आपल्या पावलांचा ताबा असतो. गर्दीत सापडलेल्याला तो राहत नाही. ज्याच्या हातात ताबा राहिला आहे, त्याची जबाबदारी मोठी.

ही जबाबदारी कोणाची, याविषयी आपल्या देशात स्पष्टता नाही. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात खेळ आणि करमणूक हे विषय राज्य सूचीत, ३३व्या नोंदीत आहेत. पैसा मात्र केंद्राकडूनही येतो, राज्याकडूनही येतो, आणि क्रिकेटसारख्या खेळात तो प्रामुख्याने प्रक्षेपणातून येतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ आहे, क्रीडा न्यायाधिकरण आहे, संघटनांच्या निवडणुकांची व्यवस्था आहे. हे सर्व आवश्यक होते. पण त्या कायद्याचा मुख्य रोख संघटना आणि खेळाडू यांच्याकडे आहे. स्टँडमध्ये बसलेल्या माणसाकडे नाही. ब्रिटनमध्ये १९७१ साली ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर ६६ जण मेल्यानंतर, १९७५ च्या कायद्याने मोठ्या मैदानांना स्थानिक प्रशासनाचे सुरक्षा प्रमाणपत्र बंधनकारक झाले. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ साली गर्दीच्या नियोजनाची चांगली मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आहे. परंतु मार्गदर्शिका म्हणजे कायदा नव्हे. बंगळुरूनंतर कर्नाटक सरकारने गर्दी नियंत्रणाचे विधेयक विधानसभेत मांडले. फिदेनीचा क्रम येथेही मोडला नाही.

पैशाची बाजूही पाहावी. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क कमी केले आणि ती सवलत २०११ पासून मागे जाऊन लागू केली. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने शासनाला याचा जाब विचारला. धनवान खेळाच्या दारावरील पहारेकऱ्याचा पगार गरीब करदात्याने का द्यावा, हा यातील नीतीचा प्रश्न आहे. यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे: सर्व खर्च आयोजकावर टाकला तर तिकीट महाग होईल आणि साधा माणूस मैदानाबाहेर राहील. इंग्लंडमध्ये उभे राहून पाहण्याच्या स्वस्त जागा गेल्या आणि पुष्कळ कामगारांना फुटबॉल परवडेनासे झाले. हा आक्षेप मला खोडता येत नाही. पण स्वस्त तिकिटाची किंमत स्वस्त भिंतीने भरून काढावी, हा व्यवहार तर कोणीच उघडपणे मान्य करणार नाही.

आता पुन्हा द्वारकेकडे. १३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या ग्रीन पार्क भागातील उपहार चित्रपटगृहात आग लागून ५९ प्रेक्षक गुदमरून मेले. बाल्कनीत वाढीव खुर्च्या बसवताना बाहेर पडण्याची वाट अडवली गेली होती. ते क्रीडांगण नव्हते. परंतु तिकीट घेऊन आनंदासाठी आलेल्या माणसाचा हक्क दोन्हीकडे सारखाच असतो. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने मालकांना एकूण ६० कोटी रुपये भरावयास सांगितले. ती रक्कम अपघातग्रस्तांच्या उपचारकेंद्रासाठी वापरावयाची होती, आणि त्यासाठी नाव घेतले गेले ते द्वारकेचे. दहा वर्षांनंतर, २०२५ मध्ये, मृतांचे नातेवाईक त्या केंद्राचे काय झाले हे विचारीत पुन्हा न्यायालयात उभे होते. पैसा इतर सरकारी रुग्णालयांच्या बांधकामावर खर्च झाल्याचे त्यांना सांगण्यात आले. रुग्णालये चांगलीच, त्यांच्याविरुद्ध कोण बोलेल? परंतु दंडाचा पैसा आणि साधा पैसा यांत भेद आहे. दंडाचा पैसा हे एक वचन असते.

याच द्वारकेत, सेक्टर १९-ब मध्ये, दिल्ली विकास प्राधिकरणाच्या जमिनीवर खासगी विकासकाच्या भांडवलातून सुमारे ३०,००० प्रेक्षकांचे क्रिकेट-फुटबॉलचे मैदान उभारण्याची योजना हाती घेण्यात आली आहे. सोबत दुकाने, व्यापारी संकुल असे सर्व काही. सार्वजनिक जमीन, खासगी पैसा आणि उद्या तेथे बसणारे आम्ही. या रचनेत वावगे काही नाही. पण तीन पक्ष एकत्र आले, की कठड्याची वीट कोणाच्या हिश्श्याला, हे आधी लिहून ठेवावे लागते. आयब्रॉक्स आणि हिल्सबरोनंतर शहाण्या झालेल्या ब्रिटनच्या पुस्तिकेत प्रेक्षकांना बाहेर पडण्यास सर्वसाधारणपणे आठ मिनिटांची मर्यादा दिली आहे. आपल्या उपनगरातील रहिवासी संघटनांनी पाया घातला जात असतानाच मिनिटांचा हा हिशेब मागावा, असे मला वाटते. आसनांचा रंग नंतर ठरवला तरी चालेल.

आमच्या गच्चीचा कठडा पुढील वर्षी बांधला गेला. प्रत्येक घरामागे वर्गणी काढावी लागली आणि तीवरून दोन सभा भांडणात गेल्या. त्या १५ ऑगस्टला तळमजल्यावरील एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा त्या नव्या भिंतीवर दोन्ही कोपरे टेकून, हनुवटी हातांवर ठेवून, कटलेल्या पतंगामागे नजर लावून उभा होता. मी त्याला मागे हो असे सांगितले नाही; त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.